सरळ बस की बदलीची गाडी?

समजा, ठाण्याहून अंधेरीला कामाला जायचे आहे. सरळ बस मिळते. मध्ये उतरायची दगदग नाही. तरी पुष्कळ लोक लोकलने घाटकोपरला येतात, जिना चढतात आणि मेट्रो धरतात. असे का? बस रस्त्यात अडकते. पावसात तर विचारूच नका. उशीर झाला की रोज बुडतो. मेट्रो ही उंच पुलावरून धावणारी विजेची गाडी. ती २०१४ साली सुरू झाली. घाटकोपर ते वर्सोवा हे साडेअकरा किलोमीटर ती सुमारे २१ मिनिटांत जाते. एक चुकली तर थोड्याच मिनिटांत दुसरी येते. दुसरीसाठी अर्धा तास थांबावे लागते, तर बदलीला कोण उतरला असता? मात्र डोक्यावर बोजा असेल, तर आम्ही म्हणू, बसच बरी. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते.