काजींचा अंमल

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. पूर्वीच्या भोर संस्थानाचा सुधागड तालुकाही असाच घाटाखालचा. तिथून समुद्राकडे रोहा, पेण, अलिबाग, मुरूड हा बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या यहूद्यांचा मुलूख. हे लोक घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, बोली मराठी. सिनॅगॉग नव्हतं, रब्बी नव्हते. होते ते काजी.

समाजाची आठवण सांगते की नौगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि धर्मग्रंथ बुडाले. समाजाचे इतिहासकार केहिमकर यांनी हा काळ इ.स.पू. १७५ च्या सुमाराचा धरला. लेखी पुरावा नाही, पण एक गोष्ट या काळाशी जुळते: त्यानंतर सुरू झालेला हनुक्काचा सण त्यांना ठाऊकच नव्हता. शेमाची प्रार्थना, सुंता आणि शनिवार एवढं मात्र सुटलं नाही.

तिकडे यहूद्यांच्या मायदेशी रोमन अमलात त्यांच्यात तट पडले होते. सदूकी मंदिराचे मानकरी, लिखित नियमशास्त्रापलीकडे काही न मानणारे. परूशी तोंडी परंपरेलाही तितकाच मान देणारे. एसेनी सगळ्यांपासून फटकून. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि सदूक्यांच्या पायाखालची जमीनच गेली. परूश्यांची परंपरा पुढे तालमूद या ग्रंथात आली.

कोकणात हा वाद आला नाही, त्याचा निकाल तेवढा आला. तो आणला दावीद राहाबी या बाहेरून आलेल्या यहूदी गुरूने. कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कथा अशी की त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवल्यांची तेवढी रांधायला घेतली. कोळंबीच्या या किनाऱ्यावर हे सोपं नव्हे! हे यहूदीच, अशी राहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून काजी नेमलं: झिराडकर, शापूरकर, राजपूरकर. काजीपद त्या घराण्यांतच राहिलं. काजी गावोगाव फिरून सुंता करत, लग्नं लावत, तंटे तोडत.

तट इथेही होते, गोरे आणि काळे इस्रायल. पण ते वंशशुद्धीवरून. शास्त्रावरून भांडायला शास्त्र होतं कुठे? १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनॅगॉग बांधलं. मग मुकादम आणि प्रार्थना चालवणारे हझान आले, काजींचं महत्त्व ओसरलं.

परूश्यांच्या वारसांशी खरी गाठ पडली ती हे लोक इस्रायलमध्ये जाऊन राहिल्यावर. या समाजाची पूर्वीची लग्नं आणि काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले होते का, असा प्रश्न तिथल्या रब्बींनी काढला आणि १९६२ मध्ये त्यांच्याशी सोयरीक करण्याआधी वंशाची चौकशी लावली. लोक रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये रब्बींना त्या आदेशातून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढावं लागलं.