गुरूच्या ध्रुवांवरील अदृश्य प्रकाश

पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशांत रात्रीच्या आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे झुलताना दिसतात. हाच ध्रुवप्रकाश होय. गुरू ग्रहावरही तो आहे. परंतु तेथील प्रकाशात क्ष-किरणही असतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, आणि पृथ्वीचे वातावरण त्यांना भूमीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून त्यांचा वेध अवकाशातील दुर्बिणींनीच घ्यावा लागतो. १९७९ साली ‘आइन्स्टाइन’ नामक उपग्रहाने तो प्रथम घेतला. पुढे २००० च्या डिसेंबरात, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ दुर्बिणीस गुरूच्या उत्तर ध्रुवाजवळील क्ष-तेज सुमारे ४५ मिनिटांच्या तालावर उजळताना व मंदावताना आढळले.

हे तेज निर्माण करणारे द्रव्य येते कोठून? गुरूचा उपग्रह आयो हा ज्वालामुखींनी धगधगत असतो. त्याच्याकडून दर सेकंदास सुमारे एक टन द्रव्य अवकाशात जाते. त्यातील गंधक व प्राणवायू यांचे अणू विद्युत्भारित होऊन गुरूच्या प्रबळ चुंबकक्षेत्रात अडकतात. हे कण प्रचंड वेगाने ध्रुवांवरील वातावरणात शिरले, की त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन झडून जातात. मग तेथील हायड्रोजनपासून नवे इलेक्ट्रॉन हिरावून घेताना ते क्ष-किरण बाहेर टाकतात.

तथापि, त्या कणांना ध्रुवांकडे लोटतो कोण, आणि तेही ठरावीक तालावर, हे कोडे चार दशके उलगडले नव्हते. १६ व १७ जुलै २०१७ रोजी ‘एक्सएमएम-न्यूटन’ दुर्बिणीने पृथ्वीजवळून सलग २६ तास गुरूचे निरीक्षण केले. त्याच वेळी ‘जूनो’ यान प्रत्यक्ष गुरूच्या चुंबकक्षेत्रात मोजमापे घेत होते. क्ष-तेज दर २७ मिनिटांनी उसळत होते, आणि चुंबकक्षेत्राचा दाबही त्याच तालाने वाढत व घटत होता. या आकुंचनातून विद्युत्-चुंबकीय लाटा उठतात, आणि त्या लाटांवर स्वार होऊन भारित कण ध्रुवांवर कोसळतात, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

दुरून पाहणाऱ्या दुर्बिणीस केवळ परिणाम दिसत होता, आणि जवळच्या यानास केवळ कारण. दोघांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तेव्हाच त्यांतील दुवा हाती आला. तशाच जातीच्या लाटा पृथ्वीभोवतीही उठतात. परंतु येथे त्यांना कण पुरवणारा आयो नाही.