सायकलची वाट आणि तिचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘घसारा’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. यंत्र वापरले की झिजते. त्या झिजेची तरतूद दरसाल हिशेबात केली नाही, तर कागदावर नफा दिसत राहतो आणि एके दिवशी यंत्र मात्र भंगारात निघते. हाच नियम मातीच्या साध्या पायवाटेलाही लागू पडतो, हे मला इंदूरच्या सांवेर रोडवर सुट्टीत राहिलो असताना कळले. त्याविषयीच या लेखात लिहीत आहे.

सांवेर रोड ही इंदूरच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहत. रस्ता पुढे सांवेर गावावरून उज्जैनला जातो. माझे मामा तेथील एका कारखान्यात नोकरीस आहेत. पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि डबे अडकवलेल्या कामगारांच्या सायकली यांची एकच गर्दी उडते. अशा रस्त्यावर हौसेने सायकल चालवणे कठीणच. म्हणून माझा मामेभाऊ व त्याचे मित्र रविवारी उजाडण्यापूर्वी निघतात आणि शेतांमधल्या गाडीवाटा, मोकळी मैदाने, तलावांचे काठ असे धुंडाळत फिरतात. त्यांच्या सायकली जाड टायरच्या, गिअरच्या, ज्यांना ‘माउंटन बाइक’ म्हणतात तशा. डोंगर जवळ नसला तरी चालतो. खडबडीत माती, थोडा चढ आणि थोडी झाडे एवढे पुरते.

हा खेळ म्हणजे श्रीमंतांचे खूळ, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असेल. त्याचा जन्म मात्र जुन्या, टाकाऊ सायकलींतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण १९३० च्या सुमारास बनलेल्या, फुगीर टायरच्या जड सायकली जुन्या बाजारातून उचलत आणि डोंगरावरून खाली पिटाळत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर रीतसर शर्यती सुरू केल्या. त्या उताराचे नाव पडले ‘रिपॅक’. कारण खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि दर खेपेनंतर ते पुन्हा भरावे लागे! त्याच मंडळींपैकी गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांनी पुढे अशा सायकली बनवून विकण्यास प्रारंभ केला. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली सायकल बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्याकडेही हा खेळ आता रुजला आहे. २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे झाल्या.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सायकलमुळे वाट का झिजते? प्रथम टायरचा विचार करू. टायरमधील हवेचा दाब जेवढा, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. सायकल व स्वार मिळून ८० किलो वजन धरले आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो ठेवला, तर दोन्ही चाके मिळून सुमारे ४० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. तोच दाब ४ किलो केला तर जागा निम्मी होते आणि चाक मातीत अधिक रुतते. म्हणून मातीच्या वाटेवर टायर जाड हवा आणि हवा बेताची. त्यात पकडही मिळते आणि वाटही वाचते. हवा टणक भरून मातीत शिरणारा स्वार स्वतःचे आणि वाटेचे असे दुहेरी नुकसान करतो.

तथापि चाक नुसते फिरते तोवर नुकसान थोडेच. खरे नुकसान होते ते ब्रेक दाबल्यावर. उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसटत जाते. त्याने मातीत एक सरळ चर पडते. सायकलस्वार निघून जातो, पण ती चर पावसाची वाट पाहत बसते. पहिल्या सरीचे पाणी त्या चरीतून धावते, सोबत माती नेते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या जागी घळ तयार होते. म्हणजे वाटेचा खरा शत्रू चाक नव्हे, पाणी होय. चाक फक्त त्याला दार उघडून देते.

म्हणूनच चांगली वाट आखणारे आधी पाण्याचा विचार करतात. टेकडीवरून सरळ खाली उतरणारी वाट म्हणजे पाण्याचा पाटच. वाट टेकडीच्या अंगाने, आडवी, हळूहळू चढत न्यावी. तिचा चढ टेकडीच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. टेकडीचा उतार शंभर फुटांस वीस फूट असेल, तर वाटेचा चढ शंभरास दहाच्या आत. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता वाट ओलांडून निघून जाते. आपल्या गावच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. उताराला आडवा बांध घालताना तो हेच करीत असतो.

सपाट जागी अडचण निराळी. तेथे पाणी धावत नाही, ते साचते. डबके टाळण्यासाठी पहिला स्वार कडेने जातो, दुसरा त्याच्याही बाहेरून, आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी होते. कडेचे गवत तेवढे मरते. इंदूर तर माळव्याच्या पठारावर, काळ्या मातीच्या मुलखात. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. कन्नडमध्ये तिला ‘एरे मण्णु’ म्हणतात. आपल्या मराठी-कन्नड सीमाभागातील शेतकरी दोन्ही नावांनी तिला चांगला ओळखून आहे. ओल्या काळ्या मातीत सायकल घातली की टायरवर मातीचा थर चढत जातो, ब्रेकपाशी गोळा अडकतो आणि चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर! मागे राहिलेला खोल माग उन्हात विटेसारखा टणक होतो व पुढे कित्येक दिवस चालणाऱ्याचा पाय मुरगळायला टपून असतो. तेव्हा काळ्या मातीचा पहिला नियम हाच की, पाऊस पडून गेल्यावर जमीन वाळेपर्यंत सायकल घरी ठेवावी. कायमची वाट हवी असेल तर ती थोडी उंचावून तिच्यावर मुरूम टाकून दाबावा.

तलावाच्या काठी आणखी एक हक्कदार असतो, तो म्हणजे पक्षी. इंदूरच्या धार रोडवरील सिरपूर तलाव होळकर संस्थानच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. पुढे तो दुर्लक्षित झाला. तो वाचविण्यासाठी इंदूरचे चित्रकार-छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे धडपड केली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जलाशयांचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर व उदयपूर ही ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळवणारी भारतातील पहिली शहरे ठरली. अशा तलावाच्या काठाने भरधाव सायकल नेण्याचा हक्क कोणी सांगू नये. हिवाळ्यात दूरदेशींचे पक्षी उतरतात, तेव्हा काठाची शांतता हीच त्यांची शिदोरी. सायकलची वाट पाण्यापासून दूर, झाडांच्या पलीकडून असावी आणि काठापर्यंत जायचे ते पायी.

मग प्रश्न उरतो तो घसाऱ्याचा. वाट सर्वांची, पण झीज कोणाच्या खाती लिहायची? सर्वांची वस्तू ती कोणाचीच नव्हे, असा आपला अनुभव आहे. कॅलिफोर्नियातही तेच झाले. सायकली वाढल्या, पायी फिरणारे आणि घोडेस्वार वैतागले आणि ऐंशीच्या दशकात अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा तेथील सायकल मंडळांनी केवळ तक्रारी केल्या नाहीत; १९८८ मध्ये एकत्र येऊन संघटना स्थापली, स्वारांसाठी नियम घातले आणि कुदळ-फावडे घेऊन वाटांची दुरुस्ती आरंभिली. हक्क मागण्याआधी त्यांनी झिजेची भरपाई स्वतःच्या खाती लिहिली. म्हणूनच त्यांचे म्हणणे ऐकले गेले.

इंदूरला हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त ज्या शहराने घरोघर लावली, त्याला वाटेची शिस्त जड जाऊ नये. १४ जुलै २०२४ रोजी सांवेर रोडच्या बाजूच्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली. ती जागा सीमा सुरक्षा दलाची; तेथे सायकली फिरवा असे मी म्हणत नाही. परंतु शहराजवळ जेथे जेथे नवी हिरवळ उभी राहील, तेथे रोपांच्या खड्ड्यांबरोबरच पाण्याचा निचरा आणि माणसांची वाटही आधी आखली, तर पुढे माणसे रोपे तुडवीत आपली वाट पाडणार नाहीत. कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या मुलालाही रविवारी मोकळा श्वास हवा असतो, आणि त्यासाठी त्याच्याजवळ बहुधा महागडी नव्हे, साधी सायकलच असते. तिच्यासाठी तर चांगल्या वाटेची गरज अधिकच.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडेही तलाव आहेत, टेकड्या आहेत आणि सायकली तर घरोघर आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातलाच एक दिवस गावाजवळच्या एखाद्या पायवाटेसाठी द्यावा, असे सुचवावेसे वाटते. चरी बुजवाव्यात, पाण्याला आडवी वाट काढून द्यावी, डबक्यात चार पाट्या मुरूम टाकावा. जो वापरतो त्यानेच झिजेची तरतूद करावी, हे आपण वर्गात शिकतोच. ते एकदा फावड्याने लिहून पाहायला काय हरकत आहे?