जाहिरातीतला ‘कचरा’ आणि आपली तक्रार : प्रश्न भावनांचा नाही, प्रतिष्ठेचा आहे

जून २०२३ मध्ये जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने झोमॅटो या घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीने एक जाहिरात प्रसिद्ध केली. विषय होता प्लास्टिकचा पुनर्वापर. त्यासाठी कंपनीने ‘लगान’ (२००१) या चित्रपटात ‘कचरा’ ही भूमिका केलेले अभिनेते आदित्य लाखिया यांना घेतले आणि त्यांनाच वस्तू म्हणून दाखवले. कुठे हा माणूस टेबलावरचा दिवा होता, कुठे कागद, कुठे पेपरवेट, कुठे झाडांना पाणी घालण्याची झारी, तर कुठे जॅकेट. विनोद एवढाच होता की नाव ‘कचरा’ आहे, म्हणजे त्याच्यापासून काहीही बनवता येते.

‘लगान’मधला कचरा कोण आहे, हे पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो गावातला अस्पृश्य आहे. त्याला संघात घ्यायचे म्हटल्यावर अख्खे गाव बिथरते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार दर्शवणारे असावे, असा नियमच सांगितला आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच ग्रंथाच्या मनोवृत्तीतून असली नावे जन्माला येतात. म्हणून त्या नावावर विनोद करून माणसाची वस्तू करणे, हे आपल्याला हसण्यावारी नेता येत नाही.

‘मसान’चे दिग्दर्शक नीरज घेवान यांनी ही जाहिरात जातीय आणि अमानवी असल्याचे जाहीरपणे सांगितले. समाजमाध्यमांवर निषेध सुरू झाला. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने कंपनीला नोटीस पाठवली. जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने ती मागे घेतली आणि निवेदन काढले. प्लास्टिक कचऱ्याबद्दल गमतीदार पद्धतीने जागृती करण्याचा आमचा हेतू होता, पण अनवधानाने काही समाजांच्या आणि व्यक्तींच्या भावना दुखावल्या असतील, असा त्याचा आशय होता.

जाहिरात गेली, आपण जिंकलो, असे वाटून विषय तिथेच संपला. पण त्या निवेदनातला ‘भावना दुखावल्या’ हा शब्दप्रयोग आपण नीट तपासायला हवा. तो स्वीकारला तर आपली बाजू कमकुवत होते. ते कसे, हे समजण्यासाठी आधी जाहिरातींवर नियंत्रण कोणाचे आणि कसे असते ते पाहू.

खोटे बोलणे आणि कठोर बोलणे

पंचशीलातले चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहायला सांगते. सम्यक वाचेत त्याच्या पुढचे आणखी तीन दोष येतात : चहाडी करून फूट पाडणारे बोलणे, कठोर व अपमानकारक बोलणे आणि निरर्थक बडबड. पाली भाषेत मुसावाद, पिसुणवाचा, फरुसवाचा आणि सम्फप्पलाप. जाहिरातीच्या कायद्यांकडे या चौकटीतून पाहिले तर चित्र चटकन स्पष्ट होते.

आपल्या देशात मुसावादाविरुद्धचा कायदा बराच मजबूत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात करणाऱ्या नामवंत व्यक्तीवर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी घालू शकते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना याचा थेट उपयोग आहे. निकालाच्या खोट्या दाव्यांवर चालणाऱ्या कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी या प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

पण फरुसवाचेचे काय? झोमॅटोच्या जाहिरातीत वस्तूबद्दल खोटा दावा केला, अशी आपली तक्रार नव्हती. तिने एका समूहाला हिणवले, ही तक्रार होती. अशा तक्रारीसाठी ग्राहक कायदा फारसा कामाचा नाही. तो खरेदीदाराच्या फसवणुकीचा कायदा आहे. अपमानासाठी दुसरे दरवाजे ठोठवावे लागतात.

दरवाजे कोणते?

पहिला दरवाजा अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ‘आस्की’चा. मुंबईत मुख्यालय असलेली ही संस्था १९८५ मध्ये जाहिरात क्षेत्रानेच स्वतःवर नियंत्रण ठेवण्यासाठी स्थापन केली. ती सरकारी नाही. तिच्या संहितेत चार गोष्टी पाहिल्या जातात : जाहिरात खरी आहे का, ती सभ्यतेला सोडून आहे का, ती घातक गोष्टींना खतपाणी घालते का आणि ती स्पर्धकाशी न्यायाने वागते का. यातल्या तिसऱ्या प्रकरणात वंश, जात, वर्ण, पंथ, लिंग किंवा राष्ट्रीयत्व यावरून कोणालाही हिणवणारी जाहिरात चालणार नाही, असे म्हटले आहे. सामान्य माणूस इथे विनाशुल्क तक्रार करू शकतो. ग्राहक तक्रार परिषद ती तपासते. तिच्यात जाहिरात क्षेत्रातले लोक असतात, तसेच बाहेरचेही असतात. तक्रार योग्य ठरली तर जाहिरात बदला किंवा मागे घ्या, असे कंपनीला सांगितले जाते. आस्की दंड किंवा तुरुंगवास देऊ शकत नाही.

दुसरा दरवाजा टीव्हीच्या जाहिरातींसाठी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या नियम ७ मध्ये जाहिरात संहिता आहे. जात, वंश, वर्ण यावरून हिणवणारी जाहिरात दाखवू नये, असे तिथेही लिहिले आहे. शिवाय आस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे आस्की स्वतः खासगी असली तरी टीव्हीपुरता तिच्या संहितेला कायद्याचा आधार मिळतो.

तिसरा दरवाजा यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांचा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि नियमांत ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावायचा असतो.

चौथा दरवाजा वृत्तपत्रांचा. वर्तमानपत्रातल्या मजकुराची जबाबदारी संपादकाची असते आणि त्यात जाहिरातीही येतात, असे प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. वधू-वर सूचक जाहिरातींत ‘जातीची अट नाही’ असे लिहून पुढे ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’ असे छापलेले आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. लग्न कोणाशी करायचे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. पण एका अख्ख्या समाजाला चार शब्दांत वगळणारा मजकूर पैसे घेऊन छापायचा की नाही, हा संपादकाचा निर्णय आहे. त्याचा जाब संपादकालाच विचारायला हवा.

पाचवा दरवाजा राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचा. संविधानाच्या कलम ३३८ नुसार स्थापन झालेल्या या आयोगाला चौकशी करताना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तो लोकांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यामुळे ‘तुम्ही तर आता बौद्ध, तुमचा इथे काय संबंध’ असे कोणी म्हटले तर त्याला १९९० ची आठवण करून द्या.

शेवटचा मार्ग अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा. कलम ३(१)(यू) मध्ये लेखी, तोंडी किंवा दृश्य माध्यमातून अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध शत्रुत्व, द्वेष किंवा दुर्भावना पसरवण्याच्या प्रयत्नाला गुन्हा म्हटले आहे. कलम ३(१)(व्ही) मध्ये या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हा गुन्हा आहे. बाबासाहेबांच्या चित्राचा किंवा नावाचा विटंबना करणारा वापर यात येऊ शकतो. पण हा फौजदारी कायदा आहे, न्यायालय पुरावा कसून तपासते. प्रत्येक वाईट जाहिरातीसाठी तो उगारला तर तो बोथट होईल. जिथे द्वेष उघड दिसतो तिथेच, वकिलांचा सल्ला घेऊन तो वापरावा.

दोन जाहिराती, एकच कारण

आता ‘भावना दुखावल्या’ या शब्दाकडे परत येऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या कंपनीने ‘एकत्वम’ नावाच्या दागिन्यांची जाहिरात केली होती. मुस्लिम सासरच्या घरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण चालले आहे, सासू सुनेच्या माहेरची रीत सांभाळते आहे, एवढाच तिचा विषय. तिच्यात कोणाचाही अपमान नव्हता. आस्कीकडे तक्रार गेली तेव्हा परिषदेला तिच्यात संहितेचा कोणताही भंग आढळला नाही. तरीही समाजमाध्यमांवरच्या झुंडीच्या दबावामुळे कंपनीने ती मागे घेतली. तेव्हाही कंपनीने लोकांच्या दुखावलेल्या भावना आणि आपल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता ही कारणे दिली.

एका जाहिरातीने दलित माणसाला वस्तू केले, दुसरीने दोन धर्मांच्या माणसांना एका घरात प्रेमाने वावरताना दाखवले. दोन्ही ‘भावनां’च्या एकाच कारणाने गेल्या. निकष भावना हाच असेल तर ज्याची झुंड मोठी त्याची भावना मोठी. त्या स्पर्धेत आपण कायम अल्पसंख्य असू. उद्या एखाद्या कंपनीने आंतरजातीय विवाहाची किंवा धम्मदीक्षेची सुंदर जाहिरात केली आणि कोणाच्या तरी भावना दुखावल्या, तर आपण काय म्हणणार?

जाहिरातीची जागा नाकारली जाण्याचा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्यांच्या हातात छापखाना होता, त्यांना आपला आवाज नकोसा होता. म्हणून जे दिसायला नको त्याबरोबरच काय दिसू दिले पाहिजे, हा प्रश्नही आपला आहे.

संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आहेत. आपला निकष तोच असायला हवा. जाहिरात एखाद्या समूहाला जन्मामुळे कमी लेखते का, त्याला माणूसपणातून वगळते का, जुना भेदभाव पुन्हा पक्का करते का, हे प्रश्न कोणालाही तपासता येतात. त्यांची उत्तरे झुंडीच्या आकारावर अवलंबून नसतात. या निकषावर झोमॅटोची जाहिरात नापास होते आणि तनिष्कची पास होते.

तक्रार कशी लिहावी?

चळवळीतल्या तरुणांना आमचे सांगणे असे आहे. निषेध जरूर करा, पण त्याच दिवशी लेखी तक्रारही करा.

१. जाहिरातीचे रेकॉर्डिंग किंवा स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ, वाहिनी किंवा खात्याचे नाव नोंदवा. कंपनी जाहिरात काढून टाकते तेव्हा पुरावाही जातो.

२. मूळ जाहिरात पुढे पाठवत राहू नका. त्याने कंपनीला फुकट प्रसिद्धी मिळते. तिच्याबद्दल लिहा, पण तिचा प्रसार करू नका.

३. तक्रारीत रागाचे शब्द कमी आणि वर्णन जास्त ठेवा. कोणत्या दृश्यात काय दिसते, ते जातीशी कसे जोडलेले आहे, हे सांगा. ‘लगान’ न पाहिलेल्या माणसालाही कळेल असे लिहा.

४. कोणत्या नियमाचा भंग झाला ते नाव घेऊन लिहा. आस्कीच्या संहितेचे तिसरे प्रकरण, केबल नियमांतला नियम ७, किंवा जे लागू असेल ते.

५. काय हवे ते स्पष्ट मागा. फक्त जाहिरात मागे घेणे पुरेसे आहे, की कंपनीने लेखी खुलासा द्यावा, अशी जाहिरात मंजूर करण्याची पद्धत बदलावी?

६. तक्रार क्रमांक आणि पोच जपून ठेवा, उत्तर आले की ते संघटनेच्या दप्तरात लावा. जाहिरात मागे घेतली तरी निर्णय लेखी मागा. निर्णय कागदावर असेल तर पुढच्या वेळी तोच दाखला देता येतो.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक बुद्ध विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर असायला हरकत नाही.

पुढची मागणी

नियम चिकाटीने बदलतात, याचा दाखला आपल्यासमोर आहे. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, ती दुःखी, असेच वर्षानुवर्षे दाखवले जात होते. महिला संघटना आणि अनेक कार्यकर्ते त्याविरुद्ध सतत बोलत राहिले. २०१४ मध्ये आस्कीने त्वचेच्या रंगाबद्दल स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. सावळ्या रंगाला कमीपणा आणणारे चित्रण करू नये आणि कोणताही रंग विशिष्ट जातीशी किंवा समाजाशी जोडू नये, असे त्यांत आहे. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने आपले नावही बदलले. स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल २०२२ मध्ये वेगळ्या सूचना आल्या.

जातीसाठी मात्र संहितेतल्या यादीतला एक शब्द हाच मुख्य आधार आहे. काय केले तर ते हिणवणे ठरते, याचा तपशील त्यात नाही. सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, आडनाव, बोलीभाषा, ताटातले अन्न यांच्या आडून जात कशी दाखवली जाते, याबद्दल काही नाही. रंग आणि लिंग यांच्यासाठी जशा सूचना आहेत तशा जातीसाठीही हव्यात आणि त्या तयार करताना दलित, आदिवासी व बौद्ध समाजातले अभ्यासक टेबलावर हवेत, ही मागणी आपण आतापासून करायला हवी. प्रत्येक लेखी तक्रारीच्या शेवटी ती दोन ओळींत लिहा. दहा गावांतून, दहा संघटनांकडून तीच मागणी गेली की तिला दप्तरात जागा मिळते.

पुढची ‘कचरा’ जाहिरात येईल तेव्हा आपल्या हातात हॅशटॅग असेलच. सोबत तक्रारीचा मसुदाही तयार असू द्या, आणि त्यात ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य नसू द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.