लक्ष्मी तालाची छत्री, घरातल्या टेबलावर

दिवाळी जवळ आली की मराठी घरांतली मुलं माती कालवायला बसतात. किल्ला उभा राहतो, बुरुजावर मावळे चढतात, अळीव उगवतं आणि सुट्टी संपता संपता सगळं अंगणात विरून जातं. हाच उत्साह थोडा शिस्तीत बांधला, तर वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू घरात तयार होऊ शकते: बोटाच्या पेराएवढ्या विटांची, खऱ्यासारखी रचलेली आणि रंगवलेली छोटी इमारत.

परदेशात हा छंद जुना आहे. जर्मनीत १८८० च्या दशकात ‘अँकर’ नावाचे बांधकाम-संच निघाले. त्यांतले ठोकळे वाळू, खडू आणि जवसाचं तेल यांपासून बनवलेले असत. विटांसाठी तांबडे, दगडांसाठी पिवळसर आणि छपरासाठी निळे. तिथल्याच ‘टायफॉक’ संचात भाजलेल्या विटा आणि मक्याचं पीठ व वाळू यांचा गिलावा मिळतो. इमारत पाण्यात भिजवली की विटा सुट्या होतात आणि पुन्हा वापरता येतात. असे संच महाग पडतात. पण घरी विटा पाडणं काही कठीण नाही.

नमुना झाशीचा

बांधायचं काय, हा पहिला प्रश्न. किल्ला दर वर्षी होतोच. या वेळी झाशीकडे वळायला हरकत नाही. झाशीच्या जुन्या तटाच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल हा मोठा तलाव आहे. जवळच महालक्ष्मीचं देऊळ आहे. ते अठराव्या शतकातलं, झाशीवर मराठी सुभेदारांचा अंमल असतानाचं. राणी लक्ष्मीबाई इथे नेमाने दर्शनाला येत. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे राणीच्या काळातलं ते शहर मराठी वाचकांच्या ओळखीचं झालं.

याच परिसरात गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचं निधन झालं आणि राणीने पतीचं हे स्मारक उभारलं. राणीची स्वतःची समाधी मात्र झाशीत नाही, ती ग्वाल्हेरला आहे.

छत्री म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू. तिचं सर्वांत सोपं रूप म्हणजे जोतं, चार खांब, कमानी, छज्जा आणि घुमट. नवशिक्यांनी याच साध्या रूपापासून सुरुवात करावी. ही गंगाधररावांच्या छत्रीची हुबेहूब नक्कल होणार नाही. हात बसल्यावर छायाचित्रं समोर ठेवून तिचे बारकावे जमवता येतील.

विटा पाडताना

कुंभाराकडून दोन किलो माती आणावी. ती चांगली मळून, दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांमध्ये ठेवून लाटण्याने लाटावी, म्हणजे जाडी एकसारखी येते. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून २२ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि साडेपाच जाड अशा विटा कापाव्यात. तयार वीट साधारण २० × १० × ५ मिलिमीटरची होते. विटा सावलीत वाळवाव्यात आणि मधूनमधून उलटाव्यात, नाहीतर त्या वाकतात. पूर्ण वाळल्यावर कुंभाराच्या भट्टीत पणत्यांबरोबर भाजून घ्याव्यात. मोडतोड धरून सहाशे विटा पुरतात.

बांधकाम

जाड पुठ्ठ्यावर १६ सेंटिमीटरचा चौकोन आखून त्याच्या कडेने ३ सेंटिमीटर उंचीचं जोतं रचावं. यात दोनशेच्या आसपास विटा जातात. वरच्या थरातली वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसली पाहिजे. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. सांध्यावर सांधा आला तर भिंतीला उभी चीर जायला वेळ लागत नाही. घरातही आणि टेबलावरही. जोडण्यासाठी फेव्हिकॉलमध्ये बारीक चाळलेली वाळू घालावी. नंतर सुटं करायचं असेल तर मक्याच्या पिठाची खळ आणि वाळू वापरावी.

जोत्यावर पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा बसवून चार कोपऱ्यांत खांब उभारावेत. प्रत्येक थरात दोन विटा शेजारी शेजारी, पुढच्या थरात त्या आडव्या फिरवून. असे बारा थर. दोऱ्याला खिळा बांधला की ओळंबा तयार. खांबांमध्ये ८ सेंटिमीटर मोकळी जागा राहील असं बघावं.

खरी कसोटी कमानीची. पुठ्ठ्याचा अर्धगोल साचा खांबांमध्ये अडकवून त्यावर दोन्ही बाजूंनी विटा चढवत आणाव्यात. एका कमानीला २३ विटा लागतात. संख्या विषम हवी, म्हणजे शेवटची वीट बरोबर मधोमध बसते. दुसऱ्या दिवशी साचा हळूच काढावा. मधली वीट दोन्ही बाजूंच्या विटांना दाबून धरते आणि भार खांबांवर उतरतो, हे मुलांना पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे लवकर कळतं.

कमानींवरची जागा विटांनी भरून सपाट करावी. त्यावर १४ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा छज्जा, छज्ज्यावर घासून गुळगुळीत केलेली नारळाची अर्धी करवंटी. तो झाला घुमट. लहानमोठे मणी ओवून वर कळस बसवावा.

रंग देताना

इथे घाई नडते. सगळ्या विटांना एकच तांबडा रंग फासला की इमारत खेळण्यासारखी दिसते. गेरू, पिवडी आणि थोडी काजळी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तीन छटा कराव्यात आणि त्या विटांवर विखरून द्याव्यात. वाळल्यावर पातळ तपकिरी पाणी सांध्यांत सोडून वरचेवर फडक्याने पुसावं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग फिरवावा. घुमटाला चुनखडीसारखा पांढरा रंग, छज्ज्याखाली पावसाचे काळपट ओघळ आणि जोत्याशी किंचित हिरवट ओल दाखवली की वास्तूला वय येतं.

हे ओघळ नुसती सजावट नव्हेत. जुन्या विटांच्या इमारतींचा खरा शत्रू पाणीच. पूर्वीचा चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट चोपडलं की ओल आत कोंडते आणि वीट आतून भुगा होऊ लागते. म्हणून जुन्या वास्तूंची डागडुजी जाणकार मंडळी चुन्यानेच करतात.

छोट्या छत्रीची मोठी शिकवण

लक्ष्मी तालही सुखात नाही. शहराचं सांडपाणी आणि काठावरची अतिक्रमणं यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. तलाव राखणं सरकारचं काम आहे, पण तिथे जाणाऱ्यांचंही काही कर्तव्य आहे. कोळशाने, चाव्यांनी भिंतींवर नावं कोरणारे हात आपल्याच माणसांचे असतात.

ज्या मुलाने एक कमान तोलून धरली आहे, साचा काढताना श्वास रोखला आहे, त्याला भिंतीतली एक वीट निखळण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कधी झाशीला जाणं झालं, तर किल्ला पाहून परतण्याआधी लक्ष्मी तालाकडेही जावं. घरी छत्री बांधलेली मुलं तिथे धावत पुढे जाणार नाहीत. ती थांबतील, मान वर करतील आणि कमानीतल्या विटा मोजू लागतील.