छाप कशी बसते?

घरच्या दह्याचे ताक घुसळून जो गोळा वर येतो त्याला आपण लोणी म्हणतो. दुकानातून कागदी वेष्टनात जी पिवळी वडी येते तिला मात्र पुष्कळ घरांतून ‘अमूल’ असेच म्हटले जाते. वाण्याकडे धाडलेला मुलगा ‘लोणी द्या’ म्हणत नाही, ‘अमूल द्या’ म्हणतो. वस्तूचे सामान्य नाव मागे पडावे आणि ती तयार करणाऱ्याचे नाव तिच्या जागी येऊन बसावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. अशा ओळखीच्या खुणेला आपल्या बाजारात फार पूर्वीपासून ‘छाप’ म्हणतात. आगपेटी असो वा उदबत्ती, तिच्यावर कसली ना कसली छाप असायची, आणि ज्याला अक्षरओळख नाही असे गिऱ्हाईकही चित्र पाहून आपला माल बरोबर ओळखून घ्यायचे. ही छाप लोकांच्या मनावर उमटविणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचे काम कसे चालते याचा थोडा परिचय वाचकांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते आमच्या बडोद्याच्या शेजारचेच आहे.

बडोद्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की तासाभराच्या आत आणंद स्टेशन येते. या भागातील शेतकऱ्यांचे दूध मुंबईस जात असे. परंतु त्याचा भाव ठरविण्यात शेतकऱ्याचा शब्द चालत नसे. १९४५ साली मुंबईच्या दूधपुरवठ्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा येथील दूध पाठविण्याचे काम पॉल्सन या खाजगी डेअरीकडे गेले. सरदार वल्लभभाई पटेल यांनी शेतकऱ्यांना सहकारी संघ काढण्याचा सल्ला दिला. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा भरली, शेतकऱ्यांनी डेअरीस दूध घालण्याचे बंद केले आणि सुमारे पंधरा दिवस ते आपल्या निर्धारापासून ढळले नाहीत. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे धुरीण होते. १९४९ साली वर्गीज कुरियन हे तरुण अभियंते आणंदास आले आणि पुढे संघाचेच होऊन राहिले.

३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संघाच्या नव्या डेअरीचे उद्घाटन झाले आणि त्याच सुमारास ‘अमूल’ हे नाव बाजारात आले. ते संस्कृतातील ‘अमूल्य’ या शब्दावरून सुचले. उच्चारण्यास सोपे, कोणत्याही भारतीय भाषेत न अडणारे, आणि इंग्रजीत लिहिले तर आणंदच्या दूध संघाची आद्याक्षरेही त्यात बसावीत, असे हे तीन अक्षरांचे नाव होते. चांगल्या नावाचे बहुतेक सारे गुण त्यात आहेत.

पण नाव चांगले म्हणून माल खपत नाही. पॉल्सनच्या लोण्याची खारट, थोडी आंबूस चव शहरातील गिऱ्हाइकांच्या जिभेवर बसली होती. ताज्या सायीचे हे नवे लोणी त्यांना प्रथम फिके वाटे. शिवाय म्हशीच्या दुधाचे लोणी मुळात पांढरे असते. तेव्हा मिठाचे प्रमाण व रंग यांचा विचार संघाला करावा लागला. माल आधी गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरला पाहिजे. बोलक्या चित्राचे काम त्यानंतर सुरू होते, हा या धंद्यातील पहिला धडा होय.

आता मुंबईस जाऊ. १९६६ साली अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम तेथील ‘अॅडव्हर्टायझिंग अँड सेल्स प्रमोशन’ या संस्थेकडे आले. सिल्व्हेस्टर दा कुन्हा हे तिचे प्रमुख, आणि युस्टेस फर्नांडिस हे चित्रकार. अशा संस्थेतील कामाची वाटणी समजून घेण्यासारखी असते. एक जण माल बनविणाऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेतो. दुसरा त्यातून चार शब्दांचे वाक्य घडवितो. तिसरा त्या वाक्यास चित्राची जोड देतो. आणि तो मजकूर कोठे, केव्हा व किती खर्चाने लोकांपुढे ठेवावयाचा, हेही कोणीतरी ठरवावे लागते. मोठ्या संस्थेत यासाठी निरनिराळी खाती असतात. लहान संस्थेत मात्र तीच मोजकी माणसे एका टेबलाभोवती बसून सारे ठरवितात, आणि म्हणूनच एकाच्या मनातील गंमत दुसऱ्याच्या कुंचल्यात चटकन उतरते.

तोपर्यंतच्या जाहिराती शुद्धता व स्वच्छता यांची ग्वाही गंभीर सुरात देत असत. त्यात खोटे काही नव्हते. पण ती ग्वाही कोणाच्या लक्षात राहत नसे. दा कुन्हा यांनी सूर बदलला. प्रतिस्पर्धी लोण्याच्या जाहिरातीत एक मुलगी होतीच. त्यांनी आपली एक खट्याळ मुलगी पुढे आणण्याचे ठरविले. चित्र काढण्यास सोपे हवे आणि लक्षात राहणारे हवे, अशा दोन अटी होत्या. पहिल्या अटीचे कारण अगदी व्यावहारिक होते. रस्त्यावरचे मोठे फलक त्या काळी रंगारी हाताने रंगवीत. नाजूक बारकाव्यांचे चित्र दहा ठिकाणी दहा प्रकारचे झाले असते. फर्नांडिस यांनी रेखाटलेली मुलगी पाहा: गोल गाल, निळे केस, त्यावर फीत, लाल ठिपक्यांचा पांढरा झगा, आणि नाक तर जवळजवळ नाहीच! कोणीही रंगविली तरी ती तीच दिसते.

घोषवाक्याची गोष्टही अशीच. ‘अटर्ली’ म्हणजे ‘अगदी’. दा कुन्हा यांच्या पत्नी निशा यांनी त्याला ‘बटर्ली’ हा शब्द जोडून दिला आणि ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ हे यमक तयार झाले. ‘बटर्ली’ असा शब्द इंग्रजी कोशात नव्हता, व्याकरणातही तो बसत नव्हता. तरी तो जिभेवर बसला, आणि लोण्याच्या जाहिरातीला दुसरे काय हवे?

राहिला प्रश्न माध्यमाचा. मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आले. तोपर्यंत तो मार्ग नव्हताच. वर्तमानपत्रातील जागा महाग. म्हणून रस्त्यावरील फलक निवडण्यात आले. पण एकच फलक रोज पाहून लोक कंटाळतात. तेव्हा फलकावर चालू घडामोडींवर कोटी करावयाची, ही युक्ती निघाली. सुरुवातीच्या एका फलकावर ती मुलगी घोड्यावर स्वार झालेली होती. मुंबईत घोड्यांच्या शर्यतींचा मोसम होता. इंग्रजीत जातिवंत घोड्यास ‘थरोब्रेड’ म्हणतात आणि पावासही ‘ब्रेड’ म्हणतात, त्यावर ती कोटी होती. पुढे संप, निवडणूक, क्रिकेट, चित्रपट, महागाई, काहीच या मुलीच्या तावडीतून सुटले नाही. चित्रातील व्यक्ती व विनोद दर वेळी नवे. मुलगी, झगा व घोषवाक्य मात्र तेच. बदलत्या गोष्टीने डोळा वेधला जातो आणि न बदलणाऱ्या गोष्टीने ओळख पटते, हे छाप बसण्याचे खरे मर्म होय.

घडामोडीवरील कोटी शिळी होऊन चालत नाही. म्हणून कुरियन यांनी एक धाडसी सवलत दिली होती: प्रत्येक मजकूर आधी दाखवून मंजुरी घेण्याची अट त्यांनी ठेवली नाही. हा विश्वास जितका सुखाचा तितकाच जोखमीचा होता, कारण चुकीचे ओझे आता संस्थेच्याच माथी आले. गणेशोत्सवातील एका फलकावर ‘मोरया’ऐवजी ‘मोअर घ्या’ अशी कोटी केली, तेव्हा तीव्र निषेध झाला. दुसऱ्याच्या श्रद्धेला व दुःखाला विनोदाचा धक्का कोठे लागतो, हे ओळखणे हाही या कलेचाच भाग आहे. हे काम दा कुन्हा यांच्याच घराण्याकडे राहिले. पुढे त्यांचे चिरंजीव राहुल, लेखक मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे या तिघांनी मुख्यतः ही धुरा वाहिली. सिल्व्हेस्टर दा कुन्हा २०२३ साली निवर्तले. ती मुलगी मात्र अजून तेवढीच लहान आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो: एवढे नाव झाले ते चित्रामुळे की लोण्यामुळे? आमच्या मते पहिली वडी चित्राने विकली, दुसरी लोण्याने. गावोगावच्या सहकारी मंडळीत सकाळ-संध्याकाळ दूध मापले जाते, त्यातील स्निग्धांश तपासला जातो आणि त्याप्रमाणे पैसे दिले जातात. आज गुजरातेतील सुमारे ३६ लाख उत्पादक या व्यवस्थेत आहेत. पहाटे चरवी घेऊन रांगेत उभी राहणारी बाई फलकावर कोठेही दिसत नाही. पण मुलीच्या त्या हास्याला तिचाच आधार आहे. तिने दुधात पाणी घातले, किंवा तपासणाऱ्याने डोळेझाक केली, तर जगातील कोणताही चित्रकार ती छाप वाचवू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. विनोद कितीही निर्मळ असला तरी जाहिरात ही विकण्यासाठीच केलेली असते. फलकावरील कोटी आपल्याला हसविते. लोण्यात मीठ किती, ते किती खावे, हे ती सांगत नाही. ते वेष्टनावरील बारीक अक्षरांत वाचावयाचे असते. म्हणून रस्त्याने जाताना एखादा सुंदर फलक दिसला तर त्यातील कल्पकतेला अवश्य दाद द्यावी, आणि मग शांतपणे विचारावे: याने शब्द कोणता दिला आहे, तो कोणाच्या कष्टावर उभा आहे, आणि दुसऱ्यांदा घेतलेला माल पहिल्यासारखाच निघतो काय? छाप म्हणजे अखेर दिलेला शब्द. तो चार अक्षरांत देता येतो. पाळावा मात्र रोज लागतो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.