काहिलीचं तोंड

सकाळी ६.१०

कोल्हापूर. गंगावेशीमागची गल्ली. दूधकट्ट्यावर म्हशींची गर्दी उसळली आहे. वरच्या खोलीत सर जमिनीवर बसून कागद कापत आहेत. कार्ट्रिज कागदाचे नऊ ताव, लोखंडी पट्टी, कटर. एका तावाचे चार तुकडे. दुकानात ताव चौदा रुपयांना पडतो. कापलेला तुकडा घ्यायला गेलं तर सहा. घरी कापला की साडेतीन. छत्तीस तुकडे झाले. सातवीत पोरं चौतीस. "दोन जादा असू देत. कोणतरी पाणी सांडतंयच."

सर एटीडी झालेले, म्हणजे कला शिक्षक पदविका. शाळेच्या कागदावर त्यांना शिक्षक म्हणत नाहीत. अंशकालीन निदेशक म्हणतात. पोरं मात्र म्हणतात, 'चित्राचे सर'.

सकाळी ८.३०

रंगांची भर. तयार पोस्टर कलर पोरांना परवडत नाहीत, म्हणून सर सुटे पावडर रंग आणतात. डिंक रात्रीच भिजत घातलेला असतो. सकाळी तो जुन्या बनियनच्या फडक्यातून गाळायचा. रंगपूड काचेच्या तुकड्यावर घेऊन त्यात तो जिरवायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटत बसायचं. डिंक कमी पडला तर रंग बोटाला येतो. जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. पिवळा, तांबडा, हिरवा, काळा, पांढरा. जामच्या पाच बाटल्या भरल्या. निळ्याची पूड तळाला गेली आहे, अर्धा चमचाही निघाली नाही.

"आज निळ्याशिवाय भागवू," सर म्हणाले. त्यांच्या आईंनी भाकरी फडक्यात बांधून दिली.

सकाळी ९.२५

मी मोटारसायकलवर मागे. मांडीवर बाटल्यांची पिशवी. फुलेवाडी नाका, मग बालिंग्याचा पूल. खाली भोगावती गढूळ आणि काठोकाठ. सप्टेंबर निम्मा झाला तरी पाऊस हटलेला नाही. दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेला आहे.

शाळा बावीस किलोमीटरवर. आठवड्याला तीन दिवस. जाण्यायेण्याला रोज नव्वद रुपयांचं पेट्रोल. मानधन महिन्याला सात हजार. त्यातले साडेअकराशेच्या वर रस्त्यातच जातात. हा हिशोब सरांनी मला गाडी चालवता चालवता सांगितला, मान न वळवता. मानधन कधी दोन महिन्यांनी येतं, कधी तीन. मध्ये काही वर्षं काम बंदच होतं. मग पुन्हा सुरू झालं.

"बंद होतं तेव्हा काय केलंत?"

"भिंती रंगवल्या. अजून रंगवतोय की."

सकाळी १०.२०

जिल्हा परिषदेची शाळा. कौलारू जुनी इमारत, तिला जोडून स्लॅबच्या तीन खोल्या. सरांची पहिली नजर ऑफिसबाहेरच्या फळ्यावर. सहावी ३३, सातवी ३४, आठवी ३६. एकूण १०३.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे की सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक असावेत. शंभराच्या वर. म्हणजे सरांच्या हातात तीन पोरं जादा आहेत. त्यांतल्या दोन बहिणींचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर जायचं म्हणतात. दिवाळीनंतर दाखले काढणार. सर त्या दोघींची चौकशी दर खेपेला करतात. "वडील गावातच हाईत न्हवं?" पोरींना वाटतं, सर मायाळू आहेत. ते आहेतच. पण मला त्यांच्या जागी उभं राहून तो फळा वाचवेना.

परिपाठ सुरू झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा. पेटीचे चार सूर बसलेत, तेवढे सोडून सरच ती वाजवतात. कला म्हणजे गाणंही आलं, नाच आला, नाटक आलं. कायद्यातल्या त्या एका शब्दात सगळं बसतं आणि ते करायला माणूस एक.

सकाळी ११.१५

सहावी. मातकाम. माती पोरांनी ओढ्याकाठून आणली आहे, फुकट. तासात तेहतीस बैल झाले. त्यांतल्या एकालाच वशिंड नीट जमलं. तो पोरगा रोज वैरण टाकतो.

दुपारी १२.३०

आठवीचा तास गेला. मोठ्या बाईंनी तो गणिताला दिला, कारण डिसेंबरात एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. बाई वाईट वाटून घेत म्हणाल्या, "सर, त्यात पोरगं बसलं तर वर्षाला बारा हजार मिळतात. नववी ते बारावी. त्याच्या घरात ते पैसे लागतात ओ."

सर नाही म्हणाले नाहीत. म्हणता येत नाही. बारा हजारांपुढे चित्र कुठल्या तोंडाने उभं करायचं? पुढे हायस्कुलात इंटरमिजिएट ग्रेड या चित्रकलेच्या परीक्षेला 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, एवढंच सर सांगू शकतात. ते ती गोष्ट सांगतातही. पण मला विचाराल तर सात गुणांसाठी चित्र शिकवायचं ही वेळ सरांवर यायला नको होती. गणित कशासाठी, असं त्या शाळेत कुणी विचारत नाही.

रिकाम्या तासात सरांनी ब्रश तपासले. बावीस. त्यांतल्या सहांचे केस गळालेत. त्यांच्या दांड्यांना दोऱ्याने कापूस बांधला. शाळेला संयुक्त अनुदान येतं, ते वीजबिल, खडू, झाडू, नळदुरुस्ती यांत संपतं. ब्रशची पावती बाईंनी मागच्या वर्षी एकदा बसवली. दरवर्षी बसत नाही.

दुपारी १.२०

पोषण आहार. खिचडी आणि वर मटकीची उसळ. स्वयंपाकाच्या मावशींनी सरांनाही ताट दिलं. सरांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. जेवताना सर सांगत होते आबालाल रहिमान यांच्याबद्दल. मुंबईला जे.जे.त शिकले, नाव झालं असतं, पण कोल्हापूरला परत आले आणि इथलंच पाणी, इथलीच झाडं रंगवत राहिले. शाहू महाराजांनी त्यांना सांभाळलं. "पोरांना हे सांगतो मी. आपल्याच गावचा माणूस म्हटलं की कान देतात."

दुपारी २.१०

सातवी. स्मरणचित्र. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला पुढे हा पेपर असतोच. सरांनी फळ्यावर विषय लिहिला. गुऱ्हाळ.

वर्गात एकदम गलका. या गावात गुऱ्हाळ न पाहिलेलं पोर नाही. हंगाम दसऱ्यानंतर लागेल, पण पोरांना आठवायला काही करावं लागलं नाही. चरक, चुलवाण, चिपाडांचा ढीग, रानभेंडीचा चीक टाकला की वर येणारी मळी, गुळाचे रवे. एकाने तर मळीवर बसलेल्या माश्या आधी काढल्या.

वीस मिनिटांनी सर फिरायला लागले. मी मागे. जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच घोळ. माणसं बाजूने दिसतात, चुलवाण बाजूने दिसतं आणि रस आटवायच्या काहिलीचं तोंड मात्र पुरं गोल, वरून पाहिल्यासारखं. काहींनी उलट केलं, तोंडच नाही, नुसती बशी.

सरांनी कुणाच्या कागदाला पेन्सिल लावली नाही. एकाला स्वयंपाकघरात पाठवलं. तो घमेलं घेऊन आला.

घमेलं जमिनीवर ठेवलं. "भोवतीनं उभं रहा. तोंड कसं दिसतंय?"

"गोल!"

घमेलं बाकावर. "आता?"

"चपटं. अंड्यागत."

मग सरांनी ते दोन्ही हातांनी उचलून पोरांच्या डोळ्यांच्या रेषेत धरलं. "आता?"

कुणी बोलेना. मग मागून एक आवाज. "तोंडच न्हाई सर. नुसती रेघ."

"पण सर," पुढचा एक उठला, "घमेलं तर गोलच हाय की!"

"हाय ना. तुला ठावं हाय ते काढू नको. उभा राहून जे दिसतंय ते काढ."

सरांचे हात घमेल्याच्या वजनाने थरथरायला लागले होते, तरी त्यांनी ते आणखी तीनदा वरखाली केलं. पोरं डोळे बारीक करून बघत राहिली. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं. खोडरबरांचा आवाज सुरू झाला. चौतीस पोरांत खोडरबर नऊ.

एका पोरीने मात्र खोडलं नाही. तिची काहील अजून पुरी गोल. शेजारणीने ओरडून सांगितलं, "सर, हिचं चुकलंय!"

सर गेले. पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मी वरनं बघते, सर. चिपाडाच्या ढिगावर बसून. पप्पा गुळव्या हाईत."

सर तिच्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "मग काहील बरोबर हाय तुझी. पण पप्पा?"

काहिलीशेजारी तिने वडील काढले होते. बाजूने, उभे, नाक, मिशी, शर्टाची बटणं.

"ढिगावरनं मिशी दिसती व्हय?"

ती विचारात पडली. डोळे मिटले. आठवत होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिने वडील पुरे खोडले. त्या जागी एक गोल काढला, डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलचा. त्याच्याखाली दोन खांदे. खांद्यांतून पुढे आलेले दोन हात आणि हातांतला लांब दांडा काहिलीत गेलेला. पाय नाहीत. ते वरून दिसतच नाहीत.

मी अनेक चित्रप्रदर्शनं पाहिली आहेत. एखादं माणूस पाहायला शिकतं तो क्षण मी पहिल्यांदा पाहिला, सातवीच्या खोलीत, गळक्या कौलांखाली.

रंगवताना ती आली. "सर, वाफंला निळा पायजे."

"निळा संपलाय. तिथं काही लावूच नको. कागद कोरा सोड."

तिला ते पटलं नाही. पण तिने सोडला.

दुपारी ३.४०

हापश्यावर ब्रश धुणं. दोन पोरं हापसतात, बाकीची ओंजळ धरतात. रंगीत पाणी जास्वंदीच्या आळ्यात. ब्रश धुतले की केसांना ओठांनी टोक द्यायचं नाही, बोटांनी द्यायचं, हे सर प्रत्येक वेळी सांगतात. दोघंतिघं प्रत्येक वेळी ओठांनीच देतात.

दुपारी ४.१५

ऑफिस. एलिमेंटरीला बसणाऱ्यांची यादी. आठवीतले अकरा. दोन दिवस, चार पेपर, केंद्र दुसऱ्या गावच्या हायस्कुलात. फी नऊ जणांची आली आहे. उरलेल्या दोघींची सरांनी खिशातून ठेवली आणि यादीत नावांपुढे 'जमा' लिहिलं. बाईंनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पण केंद्रावर पोरांना न्यायला जो टेम्पो लागेल, त्याचं भाडं आपण देऊ, असं त्या मग उगाचच दुसऱ्या विषयावर बोलताना म्हणाल्या.

सायंकाळी ६.३०

कोल्हापूर. एक बालवाडी. इथे सरांचा दुसरा दिवस सुरू होतो. बोलक्या भिंती. अ आ इ, फळं, फुलपाखरं, ढग. दर चौरस फुटाला पस्तीस रुपये. आजची भिंत चाळीस चौरस फूट, म्हणजे चौदाशे. त्यातले रंगाला चारशे, हाताखालच्या पोराला तीनशे. उरतात सातशे. आठवड्याला अशा दोन भिंती मिळाल्या तर घर चालतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंती मिळत नाहीत.

सर स्टुलावर चढले. आकाश आधी. पांढऱ्या इमल्शनमध्ये निळ्या स्टेनरचे थेंब टाकत, काठीने ढवळत. पट्टीचा ब्रश डावीकडून उजवीकडे एका दमात. दुपारी घमेलं धरलेल्या हातांनी. मी बघत बसलो. भिंतीवरच्या सफरचंदाला त्यांनी उजेडाची बाजू दिली, सावली दिली. ठरलेल्या पैशात ते नव्हतं. मालक आले, "सावली कशाला, लहान पोरं घाबरतील," म्हणाले. सरांनी सावली थोडी फिकी केली. पुसली नाही.

रात्री १०.०५

भिंत झाली. पोरगा बादल्या धुतोय. डब्यात तळाला निळा उरला आहे, वाटीभर. सरांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली, सकाळी निळ्याविना राहिलेली. रंग तिच्यात ओतला, डब्याच्या कडा ब्रशने निपटून घेतल्या.

"भिंतीचा रंग कागदावर चालतो?"

"पाणी जरा जास्त घालायचं. चालतो."

झाकण घट्ट लावलं. कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पेन्सिलीने तिच्यावर लिहिलं, सातवी.